तांबी बसवताना दुखतं, ते सांगायचं कुणाला?

'जरासं दुखेल हं, अंग सैल सोडा.' कुंभकोणमच्या दवाखान्यात हे तमिळमध्ये ऐकू येतं, कोल्हापुरात मराठीत. टेबलावरची बाई ओठ घट्ट मिटून घेते. बाळंतपणाच्या कळा सोसलेल्या बाईला याचं काय एवढं, असं सगळ्यांनीच धरलेलं असतं. तिनंही!

तांबी, म्हणजे कॉपर-टी, तशी मोठी सोयीची. '३८०-ए' प्रकारची तांबी दहा वर्षं काम देते आणि मूल हवंसं झालं की काढून टाकता येते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ती वापरणाऱ्या विवाहित स्त्रिया जेमतेम २ टक्के निघाल्या. नसबंदी करून घेतलेल्या जवळजवळ ३८ टक्के! कारणं पुष्कळ आहेत, पण दुखण्याची धास्ती हे त्यातलं एक, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

कावेरीकाठच्या कुंभकोणमचं थोडं वेगळं. तमिळनाडूत जवळजवळ सगळी बाळंतपणं दवाखान्यात होतात, आणि वार पडल्यावर लगेच किंवा ४८ तासांच्या आत तांबी बसवण्याची पद्धत तिथल्या सरकारी दवाखान्यांत चांगली रुळली आहे. त्या वेळी गर्भपिशवीचं तोंड उघडं असतं, म्हणून त्रास कमी. पण विचारायचं केव्हा? ऐन कळांत बाई कशालाही हो म्हणेल. ते बोलणं गरोदरपणाच्या तपासण्यांच्या वेळीच व्हायला हवं.

एरवी तांबी बसवताना, विशेषतः मूल न झालेल्या बाईला, त्रास जास्त. पिशवीचं तोंड चिमट्यानं धरताना एक कळ, खोली मोजताना दुसरी, तांबी आत सरकताना तिसरी. काम काही मिनिटांचं. कुणाला पाळीइतकंच दुखतं, कुणाला भोवळ येते. डॉक्टरांना वाटतं त्यापेक्षा बाईला जास्त दुखतं, हे अभ्यासांतूनही दिसलं आहे.

मग उपाय काय? आधी आयबुप्रोफेनची गोळी घेण्याची रीत आहे. बसवतानाची कळ तिनं फारशी कमी होत नाही. नंतरच्या कळांना अशा गोळ्यांचा उपयोग होतो. (अल्सर किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.) खरा उपयोग होऊ शकतो तो लिग्नोकेनचा. दात काढताना हिरडी बधिर करतात, तेच हे औषध. जेल किंवा फवारा वापरतात, नाहीतर तोंडाशी इंजेक्शन देतात. इंजेक्शन स्वतः टोचतंच, म्हणून निवड बाईची. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं २०२४ मध्ये याची दखल घेतली आणि दुखण्याबद्दल प्रत्येकीशी आधी बोला, असं डॉक्टरांना बजावलं. २०२५ मध्ये तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही बधिर करण्याचा पर्याय पुढे ठेवायला सांगितलं. मिसोप्रोस्टॉल मात्र सरसकट देऊ नये. त्यानंच पोटात कळा येतात.

आपल्याकडे हे आपणहून विचारणारे दवाखाने कमीच. तेव्हा वेळ ठरवतानाच विचारावं: बधिर करण्याची सोय आहे का? वेगळे पैसे पडतील का? बहीण किंवा नवरा जवळ थांबला तर चालेल का? आधीचा एखादा वाईट अनुभव असेल तर तोही सांगून टाकावा. आणि मध्येच असह्य झालं, तर 'थांबा' म्हणावं. डॉक्टरांनी थांबायलाच हवं.

घरी आल्यावर दोन-चार दिवस पोट दुखणं, थोडं रक्त जाणं चालायचंच. पण ताप, घाण वासाचा स्राव किंवा वाढत जाणारं दुखणं दिसलं, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.