विक्रीआधी मिउरा उघडताना

मोदेनाजवळच्या एका गॅरेजात 1969 सालची लॅम्बोर्गिनी मिउरा लिफ्टवर चढवली होती. रंग लाल, मॉडेल पी 400 एस. संग्राहकांपुढे विक्रीला ठेवण्याआधी तिची कसून तपासणी होणार होती आणि मालकाने मला ती बघायची मुभा दिली होती. जमिनीपासून छत जेमतेम साडेतीन फूट, हेडलाइटभोवती त्या प्रसिद्ध पापण्या. माझी नजर हटत नव्हती. म्हाताऱ्या मेकॅनिकने मात्र खिशातून मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि थेट दाराखालच्या पट्टीशी उकिडवा बसला.

मिउराचे पुढचे आणि मागचे भाग बिजागरीवर अख्खेच्या अख्खे उघडतात. ते ॲल्युमिनियमचे, तिथे चुंबकाचं काम नाही. मधला सांगाडा पोलादी पत्र्याचा, वजन वाचवायला जागोजागी भोकं पाडलेला. पाणी शिरतं ते इथेच. चुंबक पट्टीवरून सरकत गेलं, चांगलं घट्ट धरून होतं, आणि मागच्या चाकाच्या थोडं अलीकडे एकदम सैल पडून घसरलं. तळहाताएवढ्या जागेत रंगाखाली पुटीचा जाड थर होता. पत्रा कापून नवा जोडलाय की गंजावर नुसतीच पुटी थापलीय, हे वरून कळत नाही. त्याने पट्टीच्या भोकातून नळीवरचा बारीक कॅमेरा आत सोडला. पडद्यावर जोडाची ओबडधोबड रेघ आणि तिच्या पलीकडे तांबूस पापुद्रे दिसले. जोड होता, पण अर्धवट.

या गाडीचा नुसता सांगाडा, इंजिनासकट आणि बॉडीशिवाय, 1965च्या तुरिन प्रदर्शनात मांडला होता. पुढच्या वर्षी जिनिव्हात पूर्ण गाडी आली. अभियंते जानपाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तान्झानी, गाडी चालवून पारखणारा न्यूझीलंडचा बॉब वॉलेस आणि बेर्तोने या डिझाइन कंपनीत तिला रूप देणारा मार्चेल्लो गांदिनी, यांच्यातल्या एकानेही तेव्हा तिशी गाठली नव्हती. 3.9 लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन त्यांनी चालकाच्या पाठीमागे आडवं बसवलं. एवढ्या छोट्या जागेत ते मावावं म्हणून इंजिन आणि गियरबॉक्स एकाच ओतीव कवचात घातले. ही युक्ती मला आजही थक्क करते, आणि विकत घेणाऱ्याच्या काळजीचं मूळही तीच.

कारण इंजिन आणि गियरबॉक्स, दोघांचं ऑइल एकच. गियर झिजले की लोखंडाचा कीस त्याच ऑइलमधून क्रँकच्या बेअरिंगपर्यंत जाऊ शकतो. मिउराच्या नंतरच्या एसव्ही मॉडेलच्या शेवटच्या काही गाड्यांत दोन्हींचं ऑइल वेगळं केलं. या गाडीत ते एकच. म्हणून ऑइल गरम असतानाच सोडायचं. पण आधी इंजिन तापवायला हवं, तेव्हा कार्ब्युरेटरचीही पाहणी उरकून घेतली.

वेबरचे चार कार्ब्युरेटर, प्रत्येकाला तीन नळ्या. मुळात शर्यतीसाठी घडवलेले. इंजिन नुसतंच घुरघुरत राहिलं तर पेट्रोल वरती साचतं आणि आग लागू शकते. मिउरा जळाल्याचे प्रकार खरोखर घडले आहेत. म्हणून किल्ली फिरवण्याआधी त्याने पेट्रोलची प्रत्येक रबरी नळी बोटांनी दाबून, वाकवून पाहिली. मग इंजिन सुरू झालं. रबराच्या नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून त्याने बाराही नळ्यांतून आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा फुत्कार ऐकला. नववीपाशी थबकला. नळी माझ्या हातात देत म्हणाला, "आता आठवी ऐका, मग ही." नववीचा आवाज खरंच पातळ होता. स्क्रू केसभर फिरला आणि पाठीमागची घरघर गुळगुळीत झाली.

ऑइल सोडलं तेव्हा चुंबकी बुचावर राखाडी लगदा निघाला, बोटांत चोळला तर मऊ. तो चालतो. बेअरिंगचा चुरा चुंबकाला लागत नाही, म्हणून फिल्टर कापून कागदाची घडी उजेडात पसरली. तीनचार चकचकीत कण. मेकॅनिक काही बोलला नाही, नमुना बाटलीत भरून लॅबसाठी बाजूला ठेवला. बेअरिंग गेली असतील तर इंजिन आणि गियरबॉक्स दोन्ही एकत्र खाली उतरतात आणि खर्चाचा आकडा पार बदलतो.

डॅशबोर्डखालचं एक आवरण काढल्यावर हिरवा रंग दिसला. गाडी कारखान्यातून हिरवी निघाली असावी. लॅम्बोर्गिनीच्या पोलो स्तोरिको विभागाकडे जुन्या नोंदी आहेत, त्यांतून खात्री करता येईल. मालकाला विक्रीआधी पुन्हा हिरवा रंग मारून घ्यायचा होता. मेकॅनिक नको म्हणाला आणि मला ते मनापासून पटलं. ताज्या रंगाखाली ती पट्टी पुन्हा झाकली गेली असती, आणि रंग कोणता हवा हे घेणाऱ्यानेच ठरवावं. शेवटी मालक तयार झाला. पुटीची जागा, कॅमेऱ्याचे फोटो आणि लॅबचा निकाल विक्रीच्या कागदांत पहिल्याच पानावर जाणार आहेत. किंमत निकाल आल्यानंतरच ठरेल.