सुतळी की जाळी?

परदेशातील शेतीच्या छायाचित्रांत कापलेल्या कुरणावर पडलेले वाळल्या गवताचे मोठमोठे गोल गठ्ठे आपण पाहिलेले असतात. पाच फूट उंचीचा असा एक गठ्ठा सहज चार-पाचशे किलो भरतो. अमेरिकेतील आयोवा, विस्कॉन्सिन, नॉर्थ डकोटा या राज्यांत हिवाळ्यात कुरणे बर्फाखाली जातात, तेव्हा उन्हाळ्यात वाळवलेल्या या गवतावरच जनावरे जगतात. आयोवातील पेला गावच्या गॅरी व्हर्मीर यांनी १९७१ साली असे मोठे गठ्ठे वळणारे यंत्र बनवले आणि पूर्वी चार-पाच माणसांना लागून करावे लागणारे काम एकटा माणूस ट्रॅक्टरवर बसून करू लागला.

यंत्राने गवत गुंडाळले, तरी ते सुटू नये म्हणून वरून आवळावे लागते. ते सुतळीने आवळावे की प्लॅस्टिकच्या जाळीने? प्रश्न किरकोळ वाटतो, पण वर्षाचा चारा आणि जनावराचे पोट, दोन्ही त्यात गुंतलेले आहेत.

आधी चाऱ्याचे पाहू. पाच फूट व्यासाच्या गठ्ठ्यात बाहेरच्या अवघ्या सहा इंचांच्या थरात किती गवत असेल? आपण म्हणू, फार तर दहावा हिस्सा. हिशेब मांडला तर ते ३६ टक्के भरते! गोल वस्तूचा बराचसा ऐवज तिच्या कडेलाच असतो. म्हणजे पावसाने वरचे सहा इंच सडवले, तर तिसऱ्या हिश्शाहून अधिक चारा गेला.

गवताने शाकारलेल्या घराचे छप्पर आठवा. काड्या एका दिशेने दाबून बसवलेल्या असल्या की पाणी वरच्यावर ओघळून जाते. जाळी हेच करते. ती गठ्ठ्याच्या सगळ्या पाठीवर पसरते आणि काड्या चापून बसवते. सुतळीचे वेढे मात्र काही इंचांच्या अंतराने पडतात. मधले गवत फुगते, विस्कटते आणि तेथून पाणी आत मुरते. उघड्यावर ठेवलेल्या गठ्ठ्यांत जाळीचे गठ्ठे कमी खराब होतात, असे तेथील विद्यापीठांच्या चाचण्यांतही दिसून आले आहे.

जाळीचा दुसरा फायदा वेळेचा. दोन-तीन फेऱ्यांत तिचे काम होते. सुतळी गुंडाळायला गठ्ठा कितीतरी अधिक वेळा फिरवावा लागतो. त्यात वेळ आणि डिझेल जाते. शिवाय गवत लसूणघासाचे असेल, तर प्रत्येक फेरीला पाने झडतात, आणि लसूणघासाचे बरेचसे पोषण पानांतच असते. आकाशात ढग जमू लागले की ही वाचलेली मिनिटे फार मोलाची ठरतात.

मग सगळ्यांनी जाळीच का वापरू नये? एक कारण पैशाचे. गठ्ठ्यामागे जाळीचा खर्च अधिक येतो आणि ती बसवणारे यंत्रही महाग पडते. दुसरे कारण गाईच्या पोटातले आहे.

जाळी प्लॅस्टिकची असते. चारा घालताना ती काढली नाही, तर तिचे तुकडे गवताबरोबर पोटात जातात. नॉर्थ डकोटा राज्य विद्यापीठातील संशोधकांनी जाळी आणि वाखाची दोरी जनावरांच्या कोठीपोटात ठेवून पाहिली. वाखाची दोरी दोन आठवड्यांत बरीचशी विरून गेली, जाळी मात्र तशीच राहिली. असे तुकडे साचत गेले की त्यांचा गोळा बनतो, जनावर खाणे टाकते, खंगते आणि प्रसंगी दगावते. शहरांत कचराकुंडीवर चरणाऱ्या गाईंच्या पोटातून निघणाऱ्या पिशव्यांची आपल्याला माहिती आहेच. ही त्याच दुखण्याची दुसरी वाट.

वाख म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताच्या जातीचा धागा. त्याची दोरी चुकून पोटात गेली तरी सहसा अपाय होत नाही. पण तिलाही खोट आहे. ओल्या जमिनीवर ती कुजते आणि गठ्ठा उचलताना सुटून पडतो. म्हणून पुष्कळ जण प्लॅस्टिकची सुतळी घेतात. ती टिकते, पण मग पोटाचा धोका पुन्हा आलाच.

तेव्हा निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात. गठ्ठे छपराखाली राहणार असतील किंवा थोड्याच दिवसांत संपणार असतील, तर सुतळी पुरते. उघड्यावर अनेक महिने राहणार असतील किंवा लांब न्यायचे असतील, तर जाळीचा खर्च भरून निघतो. आणि जाळी घेतलीच, तर ती काढणार कोण, हे आधी ठरवावे. कडाक्याच्या थंडीत ओली जाळी बर्फाने गठ्ठ्याला घट्ट चिकटते. चारा घालणाऱ्याचे हात गारठलेले असतात आणि समोर भुकेली जनावरे उभी असतात. जाळी राहून जाते ती अशा वेळी.

दोन्हींपैकी काहीही घेतले, तरी ओले गवत बांधू नये. ते आतून तापते, बुरसते, कधी पेटही घेते. जमिनीची ओलही जाळीने अडत नाही. गठ्ठे खडी टाकलेल्या उंचवट्यावर ठेवावेत आणि त्यांच्या गोल पाठी एकमेकींना भिडू देऊ नयेत. मधल्या खाचेत पाणी साचते.

आपल्याकडे भाताचा भारा त्याच भाताच्या काडाचा बंद पिळून बांधत आले आहेत. बंदासकट सारा भारा जनावराच्या पोटात गेला तरी चिंता नसे. आता भाताचा पेंढा आणि उसाचे पाचट गोळा करणारी लहान यंत्रे महाराष्ट्रातही फिरू लागली आहेत. त्यांच्यामागून सुतळी येईल, जाळीही येईल. गठ्ठा विकत घेताना वजन आणि भाव आपण विचारतोच. तो कशाने बांधला आहे, हेही विचारावे आणि दावणीत टाकण्यापूर्वी ते बांधण सोडून, मोजून बाजूला ठेवावे.