अनाहूत ई-मेल आणि आपले पत्र
उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधील रुग्णाची विचारपूस परगावचे नातेवाईक ई-मेलने करतात. ते पत्र जाहिरातींच्या ढिगात हरवू नये, यासाठी सर्व्हरवर गाळणी लागते. इव्हान हॅरिस यांनी २००३ साली मांडलेल्या ‘ग्रेलिस्टिंग’ पद्धतीत अपरिचित प्रेषकास सर्व्हर ‘थोड्या वेळाने पुन्हा पाठवा’ असे कळवितो. नियमाने चालणारा सर्व्हर ते पत्र आपोआप पुन्हा पाठवितो; घाऊक पत्रे उधळणारी यंत्रणा अनेकदा परतत नाही. ‘स्पॅमअसॅसिन’ ही प्रणाली पत्रातील खुणांना गुण देते. ५ गुण भरताच पत्र सहसा संशयित ठरते. तथापि, गाळणीत खरे पत्रही अडकू शकते. म्हणून नम्र विनंती: तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीच करावा, आणि देणगीची पावती न मिळाल्यास आपला स्पॅमचा कप्पा अवश्य पाहावा.