गाण्याची नक्कल

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव तालुक्यात प्रतापगड नावाचे गाव आहे. महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते. यात्रा म्हटली की गाणे आलेच. या झाडीपट्टीत धानाची कापणी उरकली की रात्र रात्र नाटके रंगतात आणि त्यांतही गाण्यांना मोठा मान असतो.

हे गाणे घरी नेण्याची साधने मात्र काळानुसार पालटत गेली. १९०२ साली कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे तबकडीवर मुद्रित झाले. त्या काळी तबकडी विकत घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. घरी तिची जोड तयार करणे अशक्यच होते. पुढे कॅसेट आली आणि नक्कल करणे सोपे झाले. तरीही नकलेवरून नक्कल केली की खरखर वाढे व आवाज मंदावे.

डिजिटल मुद्रणाने हा अडसर दूर केला. या पद्धतीत ध्वनीची लहर सेकंदाला हजारो वेळा मोजतात (सीडीसाठी ४४,१०० वेळा) आणि त्या मोजमापांचे आकडे साठवून ठेवतात. आकडे एका वहीतून दुसरीत बिनचूक उतरविले, तर त्यांत काय उणे होणार? हजारावी नक्कल पहिलीइतकीच स्वच्छ निघते. त्यातच एमपी-थ्री पद्धतीने कानाला न जाणवणारे ध्वनी गाळून गाण्याचा आकार सुमारे दहाव्या हिश्श्यावर आणला. मग मोबाइलच्या दुकानांतून नखाएवढ्या मेमरी कार्डावर शेकडो गाणी थोड्या पैशांत भरून मिळू लागली. ती कोणाची, हे क्वचितच कोणी विचारी.

बैल चोरीस गेला तर गोठा रिकामा दिसतो. गाण्याची नक्कल केली तरी मूळ गाणे जागच्या जागीच राहते. म्हणून पुष्कळांना यात चोरी दिसतच नाही. परंतु त्या गाण्यामागे कवीचे शब्द, संगीतकाराची चाल, गायकाचा रियाझ आणि कोणाचा तरी पैसा असतो. त्यासाठीच १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. जाणूनबुजून तो मोडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र कलावंतांचा वाटा केवळ चोरच बुडवीत होते, असे नव्हे. चित्रपटगीतांचे हक्क सामान्यतः निर्मात्याकडे जातात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला होता. गीतकार व संगीतकार यांना मानधनातील न्याय्य वाटा कायद्याने मिळाला, तो २०१२ साली.

आता जाहिराती ऐकून किंवा मासिक वर्गणी भरून इंटरनेटवर रीतसर गाणी ऐकता येतात. प्रत्येक ऐकण्यामागे हक्कदारांस अगदी अल्प रक्कम पोहोचते. गौहर जान यांची १९०२ सालची ती ध्वनिमुद्रिका मात्र कोणीही खुशाल उतरवून घ्यावी; तिची मुदत केव्हाच संपली आहे.