कंडेन्सर माईक : आधी मोजा, मग बदला

मागच्या भागात आपण माईकच्या कॅप्सूलची ओळख करून घेतली. आज ती सर्किटमध्ये बसवू आणि आवाज आला नाही तर दोष कुठे शोधायचा ते पाहू.

हा खटाटोप कशासाठी, असं जिंतूरच्या एका वाचकाने विचारलं आहे. सप्त्यातलं कीर्तन मोठ्या कर्ण्यांवरून ऐकू येतं, त्याला आपल्या माईकची गरज नाही. पण घरात जात्यावर बसणाऱ्या आजीचा आवाज कोण टिपणार? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, पण त्या सगळ्यांचा आवाज काही टिपला गेला नाही. हळू, जवळचा, बारकाव्यांचा आवाज पकडायला इलेक्ट्रेट कंडेन्सर माईक उत्तम. १९६२ साली बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी तो घडवला. त्यातल्या पातळ पापुद्र्यावर कायमचा विद्युतभार असतो, म्हणून जुन्या कंडेन्सर माईकसारखं मोठं व्होल्टेज त्याला लागत नाही. कॅप्सूल विकत आणायचीच असं नाही. बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरच्या कोपऱ्यातली काढली तरी चालते.

कॅप्सूल उलटी धरून नीट बघा. मागे दोन ठिपके दिसतील. त्यातल्या एकापासून बारीक रेघा निघून धातूच्या कडेला टेकलेल्या असतात. तो ठिपका निगेटिव्ह. उजेड कमी असेल तर मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक कडेला आणि दुसरं ठिपक्याला लावा. जो वाजेल तो निगेटिव्ह. सोल्डरिंग आयर्न तिथे दोन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका. आत एक छोटा फेट ट्रान्झिस्टर असतो आणि पापुद्र्यावरचा भारही उष्णतेने उडतो.

आता सर्किट. पुरवठा ९ व्होल्टच्या बॅटरीचा घ्या. आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, हे एक कारण. बॅटरीवर घुमघुम येत नाही, हे त्याहून मोठं. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १० किलोओहमचा रजिस्टर माईकच्या पॉझिटिव्ह पायाला जोडा. त्याच पायापासून १ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर बीसी ५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला न्या. कपॅसिटरचं पॉझिटिव्ह टोक माईककडे हवं, कारण तिथे काही व्होल्ट असतात आणि बेसवर जेमतेम ०.६ ते ०.७. कलेक्टर आणि बॅटरीचा पॉझिटिव्ह यांच्यामध्ये ४.७ किलोओहम, कलेक्टर आणि बेस यांच्यामध्ये १ मेगओहम, एमिटर थेट निगेटिव्हला. कलेक्टरवरून १० मायक्रोफॅरॅडच्या कपॅसिटरमधून आवाज बाहेर घ्यायचा. त्याचंही पॉझिटिव्ह टोक कलेक्टरकडे.

जोडलं आणि आवाज आला नाही, की बहुतेकजण दुसरी कॅप्सूल लावतात, मग तिसरी. माझं ठाम मत आहे की दोष कॅप्सूलमध्ये क्वचितच असतो. काहीही बदलण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह आणि माईकचा पॉझिटिव्ह पाय यांच्यामधलं व्होल्टेज मोजा. कॅप्सूल साधारण ०.२ ते ०.५ मिलिअँपिअर ओढते. ०.३ ओढत असेल तर १० किलोओहमवर ३ व्होल्ट पडतात आणि पायावर ६ उरतात. म्हणजे ४ ते ७ व्होल्ट दिसले की पुरवठ्याची बाजू ठीक. पूर्ण ९ दिसले तर कॅप्सूल करंटच घेत नाही: एकतर डाख सुटला आहे, नाहीतर ती खरोखर गेली. शून्य दिसलं तर माईकचा पाय सोडवून पुन्हा मोजा. आता ९ आले तर कॅप्सूल किंवा तिची वायर शॉर्ट आहे. तरीही शून्यच असेल तर रजिस्टर, त्याचे डाख आणि बॅटरी तपासा. आवाज अगदी क्षीण येत असेल तर कॅप्सूल उलटी लागली आहे का ते आधी पाहा.

पायावरचा आकडा ठीक, तरी शांतता? मग कलेक्टरवर मोजा. साडेतीन ते पाच व्होल्ट हवेत. ९ आले तर ट्रान्झिस्टर चालूच झालेला नाही. बहुतेक वेळा त्याचे पाय उलटसुलट लागलेले असतात. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. कलेक्टरचं व्होल्टेजही बरोबर असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या धातूला बोट लावून टोक बेसला टेकवा. स्पीकरमध्ये गुणगुण आली की तिथून पुढचं सगळं जिवंत आहे. ही युक्ती फक्त सर्किटही बॅटरीवर आणि पुढचा स्पीकरही बॅटरीवर असेल तेव्हाच वापरा. मेनवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरला जोडलेलं असताना कधीही नको.

आवाज येतो पण सोबत घुमघुमही येते, तर शिल्डेड वायर घ्या. तिची जाळी निगेटिव्हला जोडा. कॅप्सूलचं धातूचं अंगही तिथेच जोडलेलं असतं. ॲडॉप्टर वापरायचाच असेल तर माईकच्या रजिस्टरआधी आणखी १ किलोओहम घाला आणि दोन्ही रजिस्टरांच्या जोडावरून १०० मायक्रोफॅरॅड निगेटिव्हला न्या. मोबाईल जवळ आला की टर्र टर्र होत असेल, तर माईकच्या दोन पायांमध्ये १०० पिकोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर लावून पाहा. आणि शिट्टी वाजत असेल तर सर्किट उघडू नका. माईक स्पीकरपासून दूर न्या.

मोठ्या मिक्सरचा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा या सर्किटला थेट देऊ नका, कॅप्सूल जळेल.

पुढच्या भागात हेच सर्किट मोबाईलच्या साडेतीन मिलिमीटरच्या पिनेला जोडू. तोवर आपल्या माईकच्या पायावरचा आणि कलेक्टरवरचा, असे दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा.