आलेखाची खिडकी गेली कुठं?

आपल्या बारामती-इंदापुरात प्रोजेक्ट म्हटलं की ऊस, ठिबक नाहीतर उजनीची पाणीपातळी! आकडे जमले की आलेखासाठी मॅटप्लॉटलिब. जॉन हंटर यांनी २००३ मध्ये आणलेलं पायथनचं मोफत साधन.

यंदा मी ते उबुंटूवर नव्यानं टाकलं. सबमिशन तोंडावर आणि खिडकीच उघडंना! प्रोग्राम पूर्ण चालला, एरर नाही, फक्त एक वॉर्निंग. खरी गोम त्या वॉर्निंगमध्येच होती.

मॅटप्लॉटलिब आलेख काढतं. पण तो खिडकीत दाखवायला त्याला टीके किंवा क्यूटीसारखी दुसरी लायब्ररी लागते. अशी एकही सापडली नाही, की ते 'ॲग' हा बॅकएंड वापरतं. ॲग चित्र बनवतो, खिडकी उघडत नाही. म्हणजे स्वयंपाक तयार, पण वाढपीच नाही!

म्हणून आधी 'गेट बॅकएंड' ही आज्ञा देऊन बघा. उत्तर 'ॲग' आलं, तर मॅटप्लॉटलिब पुन्हा टाकून उपयोग नाही. उबुंटूत टीकेचं पॅकेज वेगळं मिळतं. ते टाका आणि पायथन पुन्हा सुरू करा. माझी खिडकी तेवढ्यानंच उघडली.

लॅबमध्ये नेट नसेल, तर 'शो'ऐवजी 'सेव्हफिग' वापरून आलेखाची पीएनजी फाइल काढा. ते काम ॲगलाही जमतं. सबमिशन अडत नाही!