सेकंड हँड गाडीचं ‘पासिंग चालू आहे’ म्हणजे गाडी चांगली आहे, असं नसतं भावा!

समजा, हिंगणघाटच्या एका कुटुंबाला गाडी घ्यायची आहे. घरात पाच माणसं, आजीला महिन्यातून एकदा नागपूरच्या दवाखान्यात न्यावं लागतं, सणावाराला आर्वीला जाणं असतं. नवी गाडी बजेटमध्ये बसत नाही. मग एक दिवस फेसबुकवर जाहिरात दिसते.

“२०१३ मॉडेल, पेट्रोल, सिंगल ओनर, टायर नवे, पीयूसी-इन्शुरन्स चालू, पासिंग २०२८ पर्यंत. एमएच ३२.”

पासिंग २०२८ पर्यंत वाचलं की जीव भांड्यात पडतो. पासिंग आहे म्हणजे आरटीओने गाडी बघितली असणार, दरवर्षी तपासणी होत असणार, म्हणजे गाडी ठणठणीत असणार.

विषय इथेच गंडतो. कारण या गाडीची सरकारी तपासणी झाली ती २०१३ मध्ये, शोरूममधून बाहेर पडताना. त्यानंतर गाडीचे ब्रेक, स्टिअरिंग किंवा टायर कोणत्याही सरकारी अधिकाऱ्याने बघावेत असा नियमच नाही.

पासिंग म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे ‘पासिंग’ हा शब्द तीन अर्थांनी वापरतात. ‘गाडी वर्धा पासिंग आहे’ म्हणजे नंबर एमएच ३२ चा आहे. ‘पासिंग संपलं’ म्हणजे नोंदणीची मुदत संपली. आणि ‘गाडी पासिंगला नेली’ म्हणजे फिटनेस तपासणीला नेली. या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि जाहिरातीत लिहिलेली असते ती फक्त दुसरी.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम ४१ नुसार खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. म्हणजे पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीची फिटनेस परीक्षा पहिल्यांदा होते ती थेट पंधराव्या वर्षी.

दरवर्षीची तपासणी असते, पण ती पिवळ्या प्लेटवाल्यांना. टॅक्सी, टुरिस्ट गाडी, ट्रक, बस अशा वाहनांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं. तेच मॉडेल, तेच इंजिन. पण टॅक्सी असेल तर नवव्या वर्षापासून दरवर्षी तपासणी आणि घरची असेल तर पंधरा वर्षं कोणी विचारत नाही.

मग पीयूसी कशाला असतं?

पीयूसी ही खाजगी गाडीला ठरावीक काळाने द्यावी लागणारी एकमेव परीक्षा. पण ती फक्त धुराची. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना ती वर्षभर चालते, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिने.

बीएस-४ देशभर सक्तीचं झालं १ एप्रिल २०१७ पासून. त्यामुळे २०१३ ची गाडी बीएस-३ असण्याची शक्यता मोठी. बीएस-३ पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा ०.५ टक्के आहे आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम. बीएस-४ ला हेच आकडे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम असे कडक आहेत.

आता यात ब्रेकचं नाव कुठे आहे? कुठेच नाही. पीयूसी पास झालेल्या गाडीचा हँडब्रेक उतारावर धरत नसेल, तरी कागद खोटा ठरत नाही.

बाहेरच्या देशात काय चालतं?

ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी ‘एमओटी’ नावाची तपासणी होते. ब्रेक, टायर, लाईट, सस्पेन्शन, गंज, धूर सगळं बघतात. गंमत म्हणजे कोणीही सरकारी वेबसाईटवर गाडीचा नंबर टाकून ती कधी पास झाली, कधी नापास झाली, कशामुळे झाली आणि तेव्हा किती अंतर चालली होती, हे बघू शकतो.

जर्मनीत नवी गाडी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासतात. कोणत्या मॉडेलमध्ये किती टक्के गाड्यांना मोठे दोष निघाले, याचा ‘टीयूव्ही रिपोर्ट’ दरवर्षी छापून येतो. सेकंड हँड गाडी घेणारा माणूस तो बघूनच बाहेर पडतो.

आपल्याकडे खाजगी गाडीची अशी वार्षिक परीक्षाच नाही, त्यामुळे मार्कशीट येणार कुठून? म्हणूनच “ही गाडी पासिंगला पास होईल का?” याचं उत्तर वर्ध्यात आकडेवारीत मिळत नाही. ते गाडीखाली वाकूनच शोधावं लागतं.

पंधराव्या वर्षी काय बघतात?

मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून अर्ज करता येतो. त्यानंतर गाडी मोटार वाहन निरीक्षकासमोर न्यावी लागते. पहिली गोष्ट म्हणजे ओळख. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकशी जुळला पाहिजे. गंजाने चेसिस नंबर पुसट झाला असेल, तर अडचण इथूनच सुरू होते.

त्यानंतर ब्रेक, स्टिअरिंग, लाईट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, काचा, सीट बेल्ट, टायर, बॉडी. गाड्या साधारण या ठिकाणी अडकतात:

- टायर: कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते.
- ब्रेक: एका बाजूला ओढणारा ब्रेक आणि न धरणारा हँडब्रेक.
- स्टिअरिंग: टाय रॉड आणि बॉल जॉइंट झिजले की स्टिअरिंगमध्ये ढिलाई येते.
- काचा: समोरच्या आणि मागच्या काचेतून ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच काळ्या फिल्मवर बंदी घातली.
- बदल: आरसीवर न चढवलेलं सीएनजी किंवा एलपीजी किट, बदललेला रंग, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर.
- धूर: जुनं इंजिन ऑईल जाळायला लागलं की पीयूसीच मिळत नाही.

यातल्या बऱ्याच गोष्टी दुरुस्त होतात. हेडलाईट, ब्रेक पॅड, वायपर हे एका दिवसाचं काम आहे. खरा फटका बसतो तो तीन गोष्टींनी: चेसिसचा गंज, ऑईल खाणारं इंजिन आणि न जुळणारे नंबर. यातल्या शेवटच्यावर तर मिस्त्रीकडे पण इलाज नसतो.

खर्चाचं गणित

१ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांपुढच्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून थेट ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांपुढच्या कारसाठी ते १०,००० रुपये केलं. उशीर केला तर दर महिन्याला ५०० रुपये वेगळे.

शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर आहे. २०१० मध्ये तो आला तेव्हा १५ वर्षांपुढच्या पेट्रोल कारला पाच वर्षांसाठी ३,००० आणि डिझेल कारला ३,५०० रुपये असा दर ठरला. त्यात इन्शुरन्स, पीयूसी, २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर एचएसआरपी नंबर प्लेट आणि वर दुरुस्ती.

आता हिंगणघाटच्या त्या कुटुंबाकडे परत येऊ. २०१३ ची गाडी घेतली तर २०२८ मध्ये हा सगळा खर्च विकणाऱ्याच्या नाही, यांच्या डोक्यावर येणार. म्हणजे ‘पासिंग २०२८ पर्यंत’ ही खरं तर भाव कमी करून मागण्याची जागा आहे. भाव ठरवताना पासिंगचा खर्च आधीच वजा करा.

फेल झाली तर गाडी भंगारात?

१५ वर्षं झाली की गाडी जप्त, असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत असतात. वर्ध्याच्या गाडीला हे लागू नाही. डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची ती बंदी दिल्ली-एनसीआरपुरती आहे आणि त्यातही न्यायालयाने वेळोवेळी बदल केले आहेत.

नागपूरचे खासदार आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी मार्च २०२१ मध्ये लोकसभेत मांडलेलं स्क्रॅप धोरणही वयावर नाही, फिटनेसवर आधारलेलं आहे. तपासणीत दोष निघाला तर तो दुरुस्त करून गाडी पुन्हा नेता येते. दुरुस्ती परवडतच नसेल, तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी देऊन सर्टिफिकेट घेता येतं. नवी खाजगी गाडी घेताना त्यावर रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे.

पण मुदत संपलेली गाडी तशीच पळवू नका. नोंदणी नसलेल्या गाडीला पहिल्यांदा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि इन्शुरन्सचा क्लेमही अडचणीत येतो. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली कार चोरीला गेली, तेव्हा २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इन्शुरन्स कंपनीच्या बाजूने निकाल दिला होता.

मग घेण्याआधी काय करायचं?

सोपं आहे. आरटीओ पंधराव्या वर्षी जे बघणार, ते तुम्ही आजच बघा. ओळखीच्या मिस्त्रीला सोबत न्या, विकणाऱ्याच्या मिस्त्रीला नाही.

गाडी सकाळी थंड इंजिनवर सुरू करायला लावा. आधीच गरम करून ठेवलेल्या गाडीचा निळसर धूर लपतो. लिफ्टवर चढवून खालून चेसिस बघा. ताजा काळा रंग मारला असेल तर त्याखाली काय आहे ते विचारा. मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक दाबून गाडी सरळ थांबते का ते बघा.

टायरवर चार आकड्यांचा कोड असतो. ३५१८ लिहिलं असेल तर टायर २०१८ च्या ३५ व्या आठवड्यात बनला. नक्षी खोल दिसली तरी वर्ध्याच्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षं तापलेलं रबर कडक होतं, भेगा पडतात. गावात ४० च्या स्पीडने ते कळत नाही. पण ही गाडी येळाकेळीवरून समृद्धी महामार्गावर चढली की कारची वेगमर्यादा १२० आहे. तिथे जुना टायर दुसरी संधी देत नाही.

आणि कागद?

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची मुदत, इन्शुरन्स, पीयूसी दिसतं. बँकेचा बोजा उतरला आहे का, ई-चलान बाकी आहे का, हेही तपासून घ्या. गाडी परराज्यातली असेल तर एनओसी आणि महाराष्ट्राचा टॅक्स यांचा हिशोब सौद्याआधीच करा.

व्यवहार झाला की फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी लगेच नावावर करा. ही गोष्ट विकणाऱ्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. अपघात झाला त्या दिवशी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव असेल, तोच मालक धरला जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. गाडी विकून तीन वर्षं झाली तरी नोटीस जुन्या मालकाच्या घरी येऊ शकते.

थोडक्यात काय, तर ‘पासिंग २०२८ पर्यंत’ ही गाडीच्या तब्येतीची खात्री नाही, ती फक्त कागदाची तारीख आहे. त्या तारखेपर्यंत गाडीची तपासणी करणारं कोणी असेल, तर ते तुम्ही आणि तुमचा मिस्त्री. आजीला घेऊन नागपूरला निघण्याआधी तेवढा एक तास लिफ्टखाली घालवलेला परवडतो.